झेंडा आमच्या खांद्यावर, सही कुणाची?

(तरुण कामगारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘युनियन आणि तरुण सभासद’. काहींना वाटेल, आता हा गडी तरुणांनी चळवळीत यावं, ज्येष्ठांनी मार्गदर्शन करावं, असं गुळगुळीत बोलून खाली बसेल. तसली भाषणं दर एक मेला कुठल्याही मैदानावर फुकट मिळतात. मी सहा वर्षं कचऱ्याच्या गाडीवर ठेक्यानं काम केलं आणि त्यापुढची सात वर्षं युनियनचं काम करतोय. ह्या तेरा वर्षांत एक प्रश्न मला छळत आलाय, तो तुमच्यापुढं टाकतो. मोर्चात झेंडा ज्याच्या खांद्यावर असतो, तो करारावर सही होताना कुठं असतो?

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. तो बाहेर असतो. केबिनच्या दारात चपला सांभाळत असतो.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण युनियनच्या अभ्यासवर्गात तो आपल्याला कुणी सांगत नाही. १९२८ साल. मुंबईतल्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. त्या गिरण्यांत साळखात्याची मजुरी जास्त, आणि नेमक्या त्या साळखात्यात अस्पृश्याला पाय ठेवायची बंदी. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून काढावं लागायचं. आमच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार आपल्या तोंडाला कसा लावणार? म्हणून आमची माणसं रिंग खात्यात, कमी मजुरीवर. ही बंदी मालकानं गेटवर नोटीस लावून घातली नव्हती. शेजारच्या सांच्यावर उभ्या असलेल्या कामगारानं घातली होती. मालकानं ती बिनबोभाट चालवून घेतली.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ सांगितलं: सगळ्या खात्यांत काम करायचा आमचा हक्क मागणीपत्रात घाला, नाहीतर मी माझ्या लोकांना ह्या संपात पडू नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीनं ती मागणी घातली. तेव्हा गिरणीमालक म्हणाले, हा अन्याय आमचा नाही. ह्या एका बाबतीत मालक बरेचसे खरं बोलत होते, हीच आपली शरमेची गोष्ट आहे.

ह्यातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली ही, की कामगाराला बाहेर ठेवणारं दार दर वेळी मालकच बंद करतो असं नाही, कामगारही करतो. आणि दुसरी आजच्या विषयाची. त्या संपाचे पुढारी म्हातारे नव्हते. डांगे तेव्हा तिशीच्या आत होते. तरुण पुढारी असूनही साळखात्याचं दार कुणी आपणहून उघडलं नाही. म्हणून, ‘कमिटीवर एक तरुण घ्या’ एवढ्या मागणीवर मी समाधानी होणाऱ्यातला नाही. कुठला तरुण? कुणी निवडलेला? आणि कुणाचा?

आता आजचं साळखातं कुठलं ते बघू. कुठल्याही कारखान्याच्या किंवा नगरपालिकेच्या चौकीच्या दारात पाळी बदलताना अर्धा तास उभे रहा. कायम मस्टरवर सही करणारे चाळिशी-पन्नाशीतले. ठेकेदाराच्या वहीत, शिकाऊंच्या यादीत, मुदतीच्या नेमणुकीवर असतात ती विशी-तिशीतली पोरंपोरी. आणि त्यांतही गटारात उतरायचं, मैला उपसायचा, इस्पितळातला रक्ताचा कचरा उचलायचा, ही कामं कुठल्या वस्तीतल्या पोरांकडं आहेत ते मी सांगायला हवं का? गटारात, टाकीत माणसाला सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी माणसं गुदमरून मरतात, आणि मेलेल्याचं नाव बहुतेक वेळा कुठल्याच कायम मस्टरवर सापडत नाही. युनियनच्या सभासद यादीतही सापडत नाही. म्हणजे युनियनमधल्या तरुणाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न हे दोन प्रश्न नाहीत. आमच्यासाठी तरी एकाच दाराच्या ह्या दोन कड्या आहेत.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण साहेब लोक आपल्याला तो अर्धाच सांगतात. १९२६चा ट्रेड युनियन कायदा म्हणत होता, पंधरा वर्षं पूर्ण झालेला माणूस युनियनचा सभासद होऊ शकतो आणि अठरा पूर्ण झालेला पदाधिकारी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तो जुना कायदा तिच्या पोटात गेला. तिच्यातही धोक्याच्या नसलेल्या उद्योगात चौदाव्या वर्षी सभासद आणि अठराव्या वर्षी पदाधिकारी होता येतं. म्हणजे अठरा वर्षांची पोरगी युनियनची सेक्रेटरी होऊ शकते, हे कायदा शंभर वर्षं सांगतोय. मग तिला अडवलं कुणी? युनियनच्या घटनेनं, सवयीनं आणि खुर्चीनं.

मात्र दुसऱ्या जागी कायद्यानंच खोडा घातलाय. शिकाऊ पोराचं बघा. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ ह्या शब्दाच्या व्याख्येत शिकाऊ धरलेला होता. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं म्हटलं, हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे, ह्याला कामगार कायदे लागू नाहीत. आणि नव्या संहितेनं त्या कायद्याखालच्या शिकाऊला कामगाराच्या व्याख्येतून नावानिशी बाहेर काढलं. आयटीआयमधून आलेलं पोरगं कायम माणसाच्या शेजारी त्याच मशीनवर उभं राहतं, माल तोच काढतं, पण हातात पडतं ते विद्यावेतन. त्याच १९६१च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखीव आहेत. म्हणजे आमच्या पोराला राखीव जागा मिळाली, ती कामगार न म्हणवून घेण्याची!

दुसरा प्रकार मुदतीच्या नेमणुकीचा. कागदावर ह्या माणसाला कायम कामगाराइतकाच पगार, तेवढेच तास, त्याच सवलती. एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीसुद्धा. वाचायला छान आहे. पण मुदत संपून घरी पाठवलं तर कायदा त्याला कपात म्हणत नाही. मालकाला कारण द्यावं लागत नाही. आता सांगा, ज्याची मुदत दोन महिन्यांनी संपायची आहे, तो पोरगा युनियनच्या फॉर्मवर सही कशी करेल? आमचे जुने कार्यकर्ते म्हणतात, आजकालच्या पोरांत दम नाही, मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. अरे, दम नाही असं नाही. नूतनीकरणाची तारीख त्याच्या उरावर बसलीय. ती तारीख आधी बघा, मग त्याचा दम मोजा.

एक गोष्ट सांगतो. इस्पितळाचं नाव सांगत नाही, युनियनचंही नाही. बावीस वर्षांची एक मुलगी ठेक्यानं सफाईला होती. अकरा महिने तिच्या पगारातून पीएफ कापला जात होता आणि पीएफचा नंबर काही तिला मिळत नव्हता. ती तिथल्या युनियनच्या कचेरीत गेली. तिथले गृहस्थ म्हणाले, बाई, तुम्ही आमच्या सभासद नाही. आधी कायम व्हा, मग या. ती म्हणाली, काका, कायम झाले तर मला तुमच्याकडं यायची गरजच काय?

ती मुलगी आमच्याकडं आली. आम्ही चार मुलींना एकत्र बसवलं, पगाराच्या पावत्या लावल्या, पीएफ कचेरीत अर्ज दिला. नंबर मिळाले, पैसेही जमा झाले. पण पुढच्या ठेक्यात चौघींतल्या दोघींची नावं गळाली. आम्ही वर्गणी काढून त्यांचा दोन महिन्यांचा किराणा भरला. एक परत लागली, दुसरी लागली नाही. हे मी लपवत नाही, कारण तरुण सभासदाला आधार देणं म्हणजे काय ते इथं कळतं. अर्ज लिहून देणं हे अर्धं काम. अर्ज केल्याबद्दल तिला जी शिक्षा होईल ती तिच्या एकटीवर पडू न देणं, हे उरलेलं अर्धं. पहिलं अर्धं वकील करतो. दुसरं युनियनशिवाय कुणी करू शकत नाही.

युनियननं मनावर घेतलं तर काय होतं, तेही आपण मुंबईत पाहिलंय. कचरा वाहतूक श्रमिक संघानं ठेक्यातल्या सफाई कामगारांना बाहेरचे न मानता त्यांचीच युनियन बांधली. वर्षानुवर्षांच्या कोर्टबाजीनंतर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २७०० कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा निकाल टिकला. माझ्यासारख्या ठेक्याच्या पोरांनी तेव्हा पेढे वाटले होते. पण हिशेब मांडा: पंचविशीत दावा लावलेला माणूस निकाल ऐकतो तेव्हा पस्तिशीत पोचलेला असतो. म्हणून कोर्टाच्या भरवशावर तरुणाला बसवून ठेवता येणार नाही. त्याला आज युनियन पाहिजे.

आता युनियनच्या घरात डोकावू. पुष्कळ युनियनांत ‘युवा आघाडी’ म्हणून एक पाटी असते. तिचं काम काय? साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर बांधणं, मोटारसायकलींची रॅली काढणं, सभेच्या खुर्च्या मांडणं आणि उचलणं. मी ज्या युनियनमध्ये पहिल्यांदा गेलो, तिथं आघाडीच्या अध्यक्षाची निवडणूक झालीच नव्हती. तो सरचिटणीसाचा पुतण्या होता. घोषणा द्यायला आमच्या वस्तीतली पोरं, कारण आमचा गळा मोठा! वाटाघाटीच्या टेबलावर मात्र आमच्या गळ्यातून आवाज निघत नाही, असं त्यांचं ठाम मत.

मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले ते आठवा. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली बारीकसारीक वस्तुस्थिती मांडली होती. अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन राहतो. त्याला हमालसुद्धा करत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावं लागतं आणि तिथं आमची सावली चालत नाही. वर्कशॉपात तो मजूर म्हणून लागतो आणि मजूर म्हणूनच संपतो. म्हणजे बाबासाहेब नुसतं ‘नोकरी द्या’ म्हणत नव्हते; नोकरीतली पुढची पायरी मागत होते.

तोच सवाल आज वारसा हक्काला लावा. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. हा हक्क सोडा असं मी म्हणणार नाही. त्यावर आपली घरं उभी आहेत. पण बाप गेला किंवा थकला की बी. कॉम. झालेलं पोरगं त्याच झाडूला हात लावतं, आणि युनियन हार घालून म्हणते, घ्या, आम्ही नोकरी मिळवून दिली! त्या पोराच्या बढतीचं काय? खात्याच्या परीक्षेचं, कारकुनाच्या जागेचं, ड्रायव्हरच्या जागेचं काय? ते मागणीपत्रात किती वेळा आलं? झाडू वारशानं देणारी युनियन मला अर्धीच वाटते. झाडू खाली ठेवायचा रस्ता मागेल ती पुरी.

आता आक्षेपांकडं येतो. पहिला आक्षेप फुटीचा: तरुण वेगळे, ठेक्याचे वेगळे, दलित वेगळे, असं केलं की कामगारवर्गात फूट पडते. १९२८ सालीही असंच वाटणारे होते. पण दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ला, औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. साळखात्याचा प्रश्न तोंडावर विचारणारा माणूसच त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभा होता. प्रश्न विचारल्यानं एकी मोडत नाही. दार बंद ठेवून आतल्या आत जी एकी करतात, ती मोडते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. हा मला मान्य आहे. मस्टर कसं वाचायचं, मागणीपत्र कसं लिहायचं, कामगार आयुक्ताच्या कचेरीत कुठल्या टेबलावर कागद अडकतो, हे जुन्या माणसाला जेवढं कळतं तेवढं मला अजून कळत नाही. पण हा अनुभव असतो कुठं? सेक्रेटरीच्या कपाटात, कुलपात. माणूस गेला की फाइली जातात आणि फाइली गेल्या की युनियन जाते. अनुभवाची एवढी कदर असेल तर कपाट उघडा, आणि तुम्ही हयात असताना पोरांना शेजारी बसवून शिकवा.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, पेच आहे. कपात करताना शेवटी आलेला आधी जाईल, हा नियम. तो जुन्या कायद्यात होता, युनियनांनी जपला, आणि तरुणाच्या मानेवर तोच पहिला पडतो. मग मोडून टाकायचा का? मी म्हणतो, नाही. तो मोडला तर कुणाला काढायचं ते मालक ठरवेल, आणि मालक पहिल्यांदा बोलणाऱ्याला काढेल. तो बोलणारा आपलाच असेल. नियम राहू द्या. पण त्याची किंमत एकट्या तरुणानं का मोजायची? कपात झालेल्यांना परत घेताना अग्रक्रम मिळावा, अशीही तरतूद कायद्यात आहे. ती यादी युनियननं ठेवली पाहिजे, आणि त्या पोराचं सभासदत्व नोकरीबरोबर खुंटीला टांगू नये. काम गेलं तरी दोन वर्षं तो सभासद राहील, वर्गणी माफ, असं घटनेत लिहा.

आणि जे युनियनवाले अजून ऐकत नाहीत, त्यांना माणुसकी नको तर हिशेब सांगा. नव्या संहितेत एका आस्थापनेत अनेक युनियनी असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन मालकाशी बोलणार. मुदतीच्या नेमणुकीवरची पोरं मालकाच्या मस्टरवरच असतात. त्यांना बाहेर ठेवून ५१ कुठून आणणार? आज ना उद्या तुम्हाला आमच्या दारात यावं लागेल. तेव्हा फॉर्म घेऊन येऊ नका, घटनादुरुस्ती घेऊन या.

कुठली घटनादुरुस्ती, तेही सांगतो. एक, ठेका, मुदती, शिकाऊ, सगळ्यांना सभासदत्व, आणि पहिली दोन वर्षं वर्गणी निम्मी. शिकाऊला कायदा कामगार म्हणो न म्हणो, त्याच्या विद्यावेतनाचं, तासांचं आणि जखमेचं गाऱ्हाणं मागणीपत्रात आलंच पाहिजे. दोन, कार्यकारिणीत पस्तिशीच्या आतल्यांना ठरावीक जागा, त्या तरुणांनीच गुप्त मतदानानं भरायच्या, वरून नेमणूक नाही. त्या जागांत बाई आणि ठेक्यातला माणूस असलाच पाहिजे, म्हणजे पुतण्याचा रस्ता बंद. तीन, वाटाघाटीला जाणाऱ्या प्रत्येक मंडळात त्यांतला एक जण, आणि कराराचा मसुदा सहीआधी सभासदांपुढं वाचायचा. कायमवाल्यांना वाढ आणि नव्यांना कमी श्रेणी, असा करार असेल तर नव्यांच्या मताशिवाय सही नाही. चार, वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती कायद्यानं हवी. बायकांच्या प्रतिनिधित्वाचा नियम तिच्यात आहे, तरुणाचा नाही. तो आपण आपल्या बाजूनं पाळायचा. पाच, बोलल्यामुळं ज्याची नोकरी जाईल त्याच्यासाठी वेगळा निधी, आणि त्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी फळ्यावर.

आता थोडं तुमच्याशी. आतापर्यंत मी युनियनला झोडपलं म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्या. पण तुमच्यातल्या कितीजणांनी आपल्या युनियनची घटना वाचलीय? हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी बघायचा हक्क १९२६च्या कायद्यानंच सभासदाला दिला होता. किती जणांनी ती वही मागितली? जागा मिळाली तर तिथं बसून काय बोलणार? आपल्या खात्यात ठेक्याची माणसं किती, मुदतीची किती, कुणाची तारीख कधी संपते, कुणाचा पीएफ नंबर नाही, हे ज्याला तोंडपाठ आहे त्याला टेबलावरून कुणी उठवू शकत नाही. ज्याला फक्त घोषणा पाठ आहेत, त्याला परत झेंड्याकडं पाठवतात.

म्हणून घरी जाण्याआधी एवढं ठरवू. येत्या रविवारी प्रत्येकानं तीन कागद घेऊन यायचं. आपल्या युनियनच्या घटनेची प्रत, शेवटच्या कराराची प्रत, आणि स्वतःच्या हातानं केलेली आपल्या खात्यातल्या तिशीच्या आतल्या माणसांची यादी. नाव, नेमणुकीचा प्रकार, मुदत संपायची तारीख. घटनेची प्रत देत नाहीत असं ज्याला उत्तर मिळेल, त्यानं ते उत्तर लिहून आणायचं. आपल्या कामाची सुरुवात त्या उत्तरापासून होईल.

जय भीम.